आधी रेघ, मग अक्षर

दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत विनायकराव टेमघऱ्यांना सगळे ‘गुब्बारेवाले अंकल’ म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या पंजाबी बाईंनी तर एकदा नातवाच्या वाढदिवसाला ‘पचास गुब्बारे, लाल-पीले’ अशी ऑर्डरच दिली होती. विनायकराव हात जोडून म्हणाले, “बहनजी, हमारा एक ही आपके हॉल में नहीं समाएगा. और समा गया तो हॉल नहीं बचेगा.”

ही थट्टा नव्हती. त्यांच्या फुग्यात हायड्रोजन असे, आणि हायड्रोजन म्हणजे खवीस जात. गप्प असतो तोवर गप्प. एकदा चिडला की समोरचा कोण, ते बघत नाही.

विनायकरावांनी चौतीस वर्षं वेधशाळेत हाच उद्योग केला. पहाटे पाचला एक फुगा, संध्याकाळी पाचला एक. फुग्याखाली छत्री, छत्रीखाली लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला एक पांढरी थर्माकोलची डबी, शाळेतल्या जेवणाच्या डब्याएवढी. ती डबी वर जाताना तासभर बोलत राहते. इतकी उष्णता, इतका ओलावा, वारा इकडून, वेग इतका. तीस किलोमीटरवर फुगा फुगून फुगून फाटतो आणि डबी छत्रीला लोंबकळत खाली येते. कुठे येईल ते वारा ठरवतो. विनायकरावांना मात्र ते पंचांगासारखं पाठ होतं. थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून असा सुसाट सुटतो की डबी पार बरेलीच्या उसात. श्रावणात तोच वारा उलटतो, मग डबी रोहतक-हिसारकडे. मधले जूनचे आठ-दहा दिवस मोठे गंमतीचे. पश्चिमेचा वारा मरायला टेकलेला, पूर्वेचा अजून पाय रोवायचा. दोघांची वर झोंबाझोंबी चालते आणि डबी कुठेही पडते. ज्या दिवशी पंधरा किलोमीटरवर पूर्वेचा वारा जिंकतो, त्या दिवशी विनायकराव सगळ्या ऑफिसला पेढे वाटत. वरचा वारा फिरला की खालचा पाऊस वाटेला लागला, असा त्यांचा हिशेब.

आता त्यांच्या उजव्या हाताची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती. मे महिना, संध्याकाळचा फुगा. शेडमध्ये फुगा भरत असतानाच पश्चिमेकडून आंधी उठली. दिल्लीची आंधी ज्यानं बघितली नाही त्यानं विटांच्या भट्टीत तोंड घालून बघावं. आभाळ मातकट पिवळं झालं, मग तांबडं, मग दिसेचना. पत्रे थाळ्यांसारखे वाजू लागले. त्या कोरड्या धुळीत कुठेतरी ठिणगी उडाली. हायड्रोजनची ज्वाळा तशीही धड दिसत नाही. विनायकरावांना एवढंच दिसलं, की आपली भुवई नाही आणि बाही वितळतेय. आवाज इतका मोठा झाला की रस्त्यापलीकडचा चहावाला किटली टाकून पळाला. शेडचं दार उखडून लिंबात जाऊन अडकलं. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली, ती कायमची. शुद्धीवर आल्यावर पत्नीला, चंद्रप्रभाबाईंना, त्यांनी पहिलं विचारलं, “फुगा गेला का वर?” त्या म्हणाल्या, “फुगाच काय, तुम्हीही निघालाच होता. मी धरून ठेवलं.”

तेव्हापासून ते डाव्या हातानं लिहू लागले.

आणि लिहीत काय? तर मोडी. खटाव तालुक्यातल्या कातरवाडीच्या शाळेत देवराम गुरुजी नावाचे एक जमदग्नी होते. सरकारनं मोडी केव्हाच बंद केली होती, पण गुरुजींनी ती बंद केली नव्हती. जुनी कागदपत्रं वाचणारं कुणीतरी मागं राहिलं पाहिजे, म्हणून चार पोरं निवडून शाळा सुटल्यावर बसवायचे. नियम एकच. आधी रेघ, मग अक्षर. पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खी रेघ ओढायची आणि मग वलणीवर कपडे घालावेत तशी अक्षरं एकेक करून तिला टांगायची. कुणी अक्षर आधी काढलं की निरगुडीचा फोक सप्पकन पोटरीवर. विनायकरावांच्या पोटरीवरचे वळ दहावीपर्यंत होते. त्यामुळे पुढे हात बदलला, गाव बदललं, पण रेघ काही चुकली नाही.

डबी सोडण्याआधी ते तिच्या तळाला काळ्या मार्करनं कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढत आणि मोडीत दोनच शब्द टांगत. ‘येतो म्हण.’ घरातून निघालेल्या माणसानं ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, एवढीच त्यातली भावना. खरं तर सरकारी यंत्रावर काही खरडायला सक्त मनाई. बाजूला छापील चिठ्ठी असतेच, हिंदी-इंग्रजीत : हे हवामानाचं यंत्र आहे, निरुपद्रवी आहे, या नंबरवर कळवा. पण चौतीस वर्षांत तळ कुणी उलटून पाहिला नाही. आणि चौतीस वर्षांत त्यांची एकही डबी परत आली नाही.

निवृत्तीला दीड महिना उरला होता तेव्हाची ही गोष्ट. जूनची पहाट. आधीच्या रात्रीपासून हवा बिथरलेली. विनायकराव आणि त्यांचा पुण्याहून आलेला तरुण सहकारी सिद्धांत फुगा घेऊन मैदानात आले तोच वाऱ्यानं त्यांना धरलं. फुगा आडवा झाला आणि विनायकरावांना फरफटत भिंतीवर नेऊन आदळलं. ओठ फाटला, दात हलला.

“सर, सोडा! यार, सोडा तुम्ही!” सिद्धांत ओरडत होता.

“सोडतो कसला! आडवा सोडला तर तारेत जाईल.” तोंडातलं रक्त थुंकत विनायकरावांनी दोरी मनगटाला गुंडाळली, वारा श्वास घ्यायला थांबला त्या क्षणी फुगा उभा केला आणि दिला सोडून. तो असा उसळला की मनगटाची साल दोरीबरोबर वर गेली.

साडेआठला फोन आला. सिद्धांतनं उचलला आणि स्पीकर लावला.

“हाँ जी, यो थारा नंबर सै? डब्बे पै लिख राख्या सै.” आवाज घोगरा, बोली हरियाणवी, मागे कालवा. “थारा जासूस पकड़ लिया सै. डब्बे समेत.”

“जासूस? भाईसाब, वो मौसम का यंत्र है. गुब्बारे से गिरा है.”

“ऊपर तो यो ए लिख्या सै. नीचे पाकिस्तानी में लिख राख्या सै. हम बावळे सां के?”

मागून कुणीतरी किंचाळलं. माणूस नुसता मारानं तसं किंचाळत नाही; आता थांबणार नाहीत हे कळल्यावर किंचाळतो. फोन तुटला. पुन्हा लावला तर उचलेना. मिनिटाभरात त्याच नंबरावरून एक व्हिडिओ आला. विजेच्या खांबाला बांधलेला एक काटकुळा माणूस, डोळ्याच्या जागी रक्ताची खपली, शेजारी उलटी पडलेली भंगारवाल्याची सायकल. आणि एका हातानं कॅमेऱ्यासमोर धरलेला डबीचा तळ. ‘येतो म्हण.’

विनायकराव खुर्चीत बसले ते बसलेच.

सिद्धांतनं पोलिसांना कळवलं. तिकडून उत्तर आलं, दोन शिपाई गावात पोचलेत, ‘स्थिति नियंत्रण में है’. “चला, सर, सुटलो,” सिद्धांत म्हणाला. “ते बघतील आता. पण ते नीचे लिहिलंय काय? ती कुठली भाषा?”

“ते मी लिहिलंय.”

“तुम्ही?” त्यानं दार लोटलं. “सर, बोलू नका हे कुणाजवळ. दीड महिना राहिलाय. इन्क्वायरी लावतील. बिल्कुल गप्प बसा.”

विनायकराव उठले. “गाडी काढ. डबी कुठे पडली ते तुझ्या मशीनवर आहे ना?”

डबीनं पडेपर्यंत आपला ठावठिकाणा सांगितला होता. पानिपताच्या अलीकडचं एक गाव. खालचा वारा दक्षिणेचा, वरचा आग्नेयेचा, म्हणून स्वारी सरळ वायव्येला गेलेली. मुरथल ओलांडल्यावर सिद्धांत हळूच म्हणाला, “सर, पहाटेचं रीडिंग बघितलंत? पंधरा किलोमीटरला पूर्वेचा आलाय. फिरला आज.”

चौतीस वर्षांत या बातमीवर विनायकरावांनी पेढ्यांचं नाव काढलं नाही ते त्याच दिवशी. त्या फिरलेल्या वाऱ्यानंच डबी तिथे नेऊन टाकली होती.

गावाच्या चौपालीसमोर, म्हणजे चावडीसमोर, दीड-दोनशे माणसं. दोन्ही शिपाई झाडाच्या सावलीत टोप्या काढून वारा घेत होते. खांबाला बांधलेल्या माणसाची मान छातीवर पडली होती आणि तोंडातून लाळ-रक्ताची तार लोंबत होती. त्याचं नाव नूरा. बागपतकडून येऊन गावोगाव लोखंड, रद्दी, बाटल्या गोळा करायचा. शेतात पांढरी डबी दिसली, तारा दिसल्या, तांबं निघेल म्हणून उचलली. त्याचा गुन्हा एवढाच.

खाटेवर हुक्का घेऊन बसले होते चौधरी महासिंह. ऐंशीची उमर, मिशा अजून ताठ. डबी त्यांच्या मांडीवर होती. निवाडा त्यांनीच दिला होता. त्यांचे वडील उर्दू शिकलेले. घरात त्यांच्या हातची उर्दूतली कागदपत्रं त्यांनी लहानपणी पाहिली होती. वळणदार, गुंतलेली अक्षरं दिसली की ती उर्दूच, आणि आजकाल उर्दू म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

“चौधरी साहब,” विनायकराव पुढे झाले, “वो मैंने लिखा है. मेरा हाथ है. मैं मराठी आदमी हूँ, दिल्ली में सरकारी नौकरी करता हूँ. इसको छोड़ दो.”

“एक और आ गया!” कुणीतरी म्हणालं आणि पाठीत पहिली लाथ बसली.

सिद्धांतनं ओळखपत्र उंच धरलं. ते ओळखपत्र आणि सिद्धांतचा चष्मा, दोन्ही पायाखाली गेले. विनायकरावांना एकानं कॉलरला धरलं, दुसऱ्यानं कानशिलात भडकावली. पहाटे हललेला दात आता पडला. तरी ते ओरडतच होते, “मेरा हाथ है! मैंने लिखा है!”

“तो लिख के दिखा!” हिरव्या बनियनमधला एक पैलवान गरजला. “कौण से हाथ तै लिख्या?”

विनायकरावांनी डावा हात वर केला. सरळ माणूस, विचारलं ते सांगितलं. त्याच हातावर काठी बसली. बोटांचा वाळल्या काटकीसारखा आवाज आला आणि हात लोंबला. गर्दी हसली.

“इब लिख!”

ते गुडघ्यावर आले. डोळ्यांपुढे आंधीसारखं पिवळं-तांबडं झालं. मान वर केली तेव्हा समोर खांब होता आणि नूराचा उरलेला एक डोळा उघडा होता. तो विनायकरावांकडेच बघत होता. भीक नव्हती त्या डोळ्यात, ओळखही नव्हती. सांडणारं पाणी बघावं तसा बघत होता.

विनायकरावांनी हुक्क्यासाठी पेटवलेल्या चुलीजवळचा विझलेला कोळसा उचलला. उजव्या हातात, त्या तीन चिकटलेल्या बोटांच्या मुठीत. तीस वर्षांत त्या हातानं अक्षर काढलं नव्हतं. चौपालीची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली. ते भिंतीच्या डाव्या कोपऱ्याशी गेले, कोळसा टेकवला आणि चालू लागले. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पंधरा-सोळा पावलं, एक अख्खी रेघ. मग परत डावीकडे आले आणि तिला अक्षरं टांगू लागले.

अक्षरं कसली, पिसाळल्या खेकड्यांसारखी वाकडी. पैलवानानं डबी हिसकून भिंतीशी धरली. “ना मिलता! देख ल्यो! झूठा सै!” दोन-तीन काठ्या एकदम उचलल्या गेल्या. कुणी नूराच्या खांबाकडे वळलं. त्याच्या तंगडीवर वीट बसली, पण या वेळी तो किंचाळलाही नाही.

“ठहर!”

चौधरी उठले होते. हुक्क्याची नळी खाली पडली होती. ते अक्षरांकडे बघतच नव्हते. रेघेकडे बघत होते, अक्षरं संपल्यावरही रिकामीच पुढे धावत गेलेल्या त्या रेघेकडे. कुणाशी न बोलता ते समोरच्या आपल्या घरात शिरले. गर्दी थबकली, काठ्या उचललेल्या तशाच. बाहेर आले तेव्हा हातात काच लावलेली तसबीर होती, तिला झेंडूच्या फुलांचा सुकलेला हार.

झालं होतं असं. चौधरींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, की आपला मूळपुरुष दख्खनच्या फौजेतला. पानिपतात हरला, जखमी झाला, इथल्या जंगलात लपला आणि इथलाच झाला. म्हणून चौधरी दर जानेवारीत, लढाईच्या स्मृतिदिनी, पानिपतच्या रणभूमीवरच्या काला अंब स्मारकाला जात. तिथे महाराष्ट्रातून आलेल्या लोकांनी चार वर्षांमागे त्यांना ही तसबीर दिली होती : त्या काळच्या एका जुन्या पत्राची नक्कल. चौधरी रोज तिच्यापुढे उदबत्ती लावत. वाचता येत नव्हतं, आणि देवाच्या तसबिरीतली अक्षरं कोण निरखून बघतं?

आता त्यांनी निरखली. तसबिरीतल्या प्रत्येक ओळीवर कडेपासून कडेपर्यंत रेघ, आणि अक्षरं संपली तरी रेघ पुढे गेलेली. डबीच्या तळालाही तीच. भिंतीवरही तीच.

“तन्नै लकीर पहले क्यूँ खींची?” त्यांनी विनायकरावांना विचारलं. आवाज चिरकला होता.

“ऐसे ही लिखते हैं. पहले लकीर. मास्टरजी ने मार-मार के सिखाया.” विनायकरावांच्या तोंडातून शब्दांबरोबर रक्त येत होतं. “ये मोडी है, चौधरी साहब. आपकी फोटो में भी मोडी है. आपके पुरखे इसी में चिट्ठी लिखते थे.”

चौधरींनी तसबीर छातीशी धरली. मग वळले आणि सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या पैलवानाच्या मुस्काटात अशी लगावली की तो खाटेवर कोसळला. तो त्यांचा सख्खा पुतण्या होता. “खोल्लो उसनै!” ते किंचाळले. “खोल्लो!” कुणाच्या तरी हातातली काठी हिसकून ते दिसेल त्याला झोडपत सुटले. ऐंशीचा म्हातारा रडत होता आणि मारत होता. नूराला मारा असं त्यांनीच सकाळी सांगितलं होतं; त्याचा राग आता कुणावर काढावा ते त्या काठीला कळत नव्हतं. गर्दी पांगली. तेव्हा कुठे शिपायांनी टोप्या घातल्या.

सिद्धांतच्या गाडीच्या मागच्या सीटवर नूराचं डोकं विनायकरावांच्या मांडीवर होतं. वाटेत तो एकदाच बोलला. “लिखा क्या था?”

विनायकरावांनी सांगितलं. जाणाऱ्यानं ‘येतो’ म्हणावं, तर तो परत येतो, असं.

नूरानं तो एक डोळा मिटला. मग फुटलेल्या ओठांतून म्हणाला, “इतनी-सी बात.”

नूरा जगला. डावा डोळा गेला, एक पाय वाकडा जोडला गेला. गुन्हा दाखल झाला, काही जण आत गेले, काही सुटले. विनायकरावांनी चौकशीत ‘होय, मी लिहिलं’ असं स्वतः लेखी दिलं. ठपका बसला. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, “चौतीस वर्षं मला एक चिठ्ठी नाही लिहिलीत, आणि त्या डब्यांना रोज!” हे बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

जुलैच्या शेवटच्या दिवशी, निवृत्तीच्या दिवशी, वेधशाळेच्या फाटकावर कुबडी घेऊन नूरा उभा. खांद्याला पिशवी. विनायकराव प्लॅस्टरमधला हात सांभाळत धावत गेले.

“थाने में पड़ा था,” नूरानं पिशवीतून डबी काढली. एका बाजूनं चेपलेली, तळाच्या रेघेवर तपकिरी डाग. “बोले, कबाड़ है, तू ही ले जा. मैंने कहा, जिसका है उसको दूँगा.”

चौतीस वर्षांत परत आलेली ती पहिली डबी. विनायकरावांना ती हातात धरवेना. त्यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली. नूरानं चहा घेतला, बिस्किटं खिशात टाकली आणि कुबडी सावरली. “अच्छा, चलता हूँ.”

“ऐसे नहीं कहते, भाई. ‘आता हूँ’ बोलो.”

नूरानं एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. “नहीं आऊँगा, भाईसाब. तुम्हारे डब्बे जहाँ गिरते हैं, उधर भी नहीं जाऊँगा.” दोन पावलं जाऊन तो थांबला. “एक काम करो. लिखना ही है तो हिंदी में लिखो. मोटा-मोटा.”

संध्याकाळी पाचला विनायकरावांचा शेवटचा फुगा होता. नवी डबी त्यांनी मांडीवर उलटी घेतली. नियम माहीत होता, ठपकाही ताजा होता. सिद्धांतनं तोंड फिरवलं आणि उगाच दोरीच्या गाठी तपासू लागला. विनायकरावांनी चिकटलेल्या बोटांत मार्कर धरला, कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढली आणि तिला मोठाली, सरळ, शाळकरी अक्षरं टांगली :

‘यह हवा नापता है. किसी को मारना मत.’

फुगा उठला. पूर्वेचा वारा आता वर पुरता ठरला होता. त्यानं डबी उचलली आणि हरियाणाकडे नेली.